पाठ लांब, पुढचं आखूड

१२ जानेवारी

दुसऱ्यांदा नापास झालो. मागच्या वेळी गणितात, या वेळी गणितात आणि इतिहासात. म्हणजे प्रगती आहे. हे आत्याला सांगितलं तर ती हसली नाही. म्हणाली, "उद्यापासून दुकानात बसायचं. रिकामं डोकं आणि उघडी कात्री घरात ठेवू नये."

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. बाबा लांब नोकरीला, तिकडे त्यांनी दुसरा संसार मांडला आणि त्यात मला जागा झाली नाही. सहा वर्षांचा होतो तेव्हापासून आत्याकडे. खाली तिचं शिवणाचं दुकान, वर आम्ही दोघं. लांब कोट आणि युनिफॉर्म शिवतो. मला नाव आहे, पण ते कुणी वापरत नाही. सगळे काडी म्हणतात. बारीक आहे म्हणून, आणि लावतो म्हणून.

ही वही मापांची. निम्मी भरलीय, निम्मी कोरी. कोरी बाजू आत्याने मला दिली. "खोडी सुचली की इथे लिहायची. लिहिली की करायची गरज राहत नाही."

बघू.

१४ जानेवारी

राहते.

दुकानात मास्तर आहेत. कापड कापायचं काम त्यांचं. तीस वर्षं इथेच. गळ्यात टेप, कानावर खडू, तोंडाला कुलूप. काल मी कात्रीला हात लावला तर म्हणाले, "आधी सहा महिने बटणं." सहा महिने! तेवढ्यात जन्मलेलं मूल बसायला लागतं, आणि मी बटणंच लावायची.

ते जेवायला गेल्यावर मी त्यांची टेप घेतली. टोकाची पितळेची पट्टी काढली, पहिला इंच कापून टाकला आणि पट्टी परत ठोकली. बारका खिळा जरा वाकडा बसला, पण लांबून कळत नाही. आता टेप शून्याऐवजी एकपासून सुरू. छत्तीसची छाती सदतीस भरणार. कोट सगळ्यांना ढगळ होणार आणि मास्तरांची तीस वर्षं बोंबलणार. पुढचा आठवडा मी पोट धरून हसणार आहे.

२३ जानेवारी

पोपट झाला. माझाच.

नऊ दिवसांत सात कोट गेले. सातही अंगात असे बसले की जणू गिऱ्हाईक त्यातच जन्माला आलं. म्हणजे मास्तरांनी नवी टेप आणली असणार. विचारलं तर चोर सापडणार, म्हणून विचारलं नाही. त्यांनीही एक शब्द काढला नाही. फक्त आज बटणांचा डबा माझ्यासमोर ठेवताना म्हणाले, "काही सांगायचंय का रे?"

म्हटलं, "बटणं संपत नाहीत."

"हं," म्हणाले, आणि गेले.

३१ जानेवारी

आज आत्याची खरी कला कळली. आपल्याकडे म्हातारी गिऱ्हाइकं इतकी का येतात, हा मला प्रश्नच होता. आज रेफरी काका आले. तरुणपणी मैदानात शिट्टी फुंकायचे, आता प्रश्नचिन्हासारखे चालतात. मान पुढे, पाठीला उंटाचं कुबड. ते आत शिरले की मी त्यांच्या मागे तस्संच चालून दाखवतो. युनिफॉर्म न्यायला आलेली पोरं खिदळतात.

त्यांनी नवा कोट घातला, आरशात बघितलं, आणि ताठ! म्हणजे ते ताठ झाले नव्हते, कोट ताठ होता. आत्या पाठीचा भाग दीड इंच लांब कापायला लावते, पुढचा तेवढाच आखूड, मानेखाली एक चोरघडी, खांद्यात थोडा कापूस. पाठीचा डोंगर गायब.

काका खूश. "बाई, तुमच्या हातात जादू आहे."

ते गेल्यावर मी म्हटलं, "ही तर शुद्ध थाप आहे."

"मग काय करू? वाकडे झालात म्हणून सांगू?" आत्या म्हणाली. "घरी सगळे सांगतातच. पाठ लांब, पुढचं आखूड, आणि तोंड बंद. धंदा असा चालतो."

माझ्या थापांना फटके आणि हिच्या थापांना जादू म्हणतात. मोठं व्हायला हवं.

९ फेब्रुवारी

आज फुकटात मजा झाली.

सकाळी आत्या तिची कातरकामाची पट्टी खुंटीला अडकवायला गेली आणि हात पुरेना. टाचा उंच केल्या तरी दोन बोटं कमीच. खुंटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"खुंटी वर ठोकलीस ना रे माकडा?"

आईशप्पथ, मी खुंटीला हातसुद्धा लावला नव्हता. पण खोडी इतकी झकास होती की दुसऱ्या कुणाच्या नावावर जाऊ देणं जिवावर आलं. रोज एक बोट खुंटी वर सरकवायची! मलाच कशी सुचली नाही? म्हणून मी तोंडावर हात ठेवून फिस्सकन हसलो.

"वाटलंच मला," आत्या म्हणाली. तिचा चेहरा एकदम सैल झाला, जणू दाढदुखी थांबली. रागावलीसुद्धा नाही. "कालपासून मी म्हणतेय, मला झालंय काय! चल, होती तिथे लाव."

मी हातोडी घेऊन खुंटी दोन इंच खाली ठोकली. आत्याचा हात बरोबर पोचला. न केलेल्या खोडीचं नाव मिळालं आणि शिक्षा शून्य. असा सौदा रोज मिळो.

मास्तर मात्र भिंतीवरच्या एकाच जुन्या भोकाकडे बराच वेळ बघत होते. त्यांना हसायचं वावडंच आहे.

१६ फेब्रुवारी

दवाखान्यातल्या नर्सबाई युनिफॉर्मचं माप द्यायला आल्या. बोलता बोलता त्यांनी कपाटातल्या जुन्या मापवह्या बघितल्या आणि शिट्टीच मारायच्या बाकी राहिल्या. आपल्याकडे लांब कोटाला पूर्ण उंची लिहायची पद्धत आहे. वीस वर्षांपूर्वी कोण किती उंच होतं, सगळं वहीत.

"अहो, हा खजिना आहे," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्या माणसाला तरुणपणी किती उंच होता विचारलं तर आठवत नाही. आणि आठवलं तर दोन इंच वाढवून सांगतो."

मग त्यांनी समजावलं. वयानं हाड आतून विरळ होत जातं, जाळीसारखं. बाहेरून पत्ता लागत नाही. कधीतरी साध्या खोकल्यानं, साध्या वाकण्यानं पाठीचा एखादा मणका दबतो. कधी दुखतं, कधी दुखतही नाही. उंची कमी होते, एवढीच खूण. दीड इंच किंवा जास्त कमी झाली असेल त्याला हाडांच्या स्कॅनला पाठवायचं. वेळेत कळलं तर औषध आहे, व्यायाम आहे. "आणि मुख्य म्हणजे अशा माणसानं वाकून वजन उचलायचं नाही. एक मणका गेला की शेजारचे रांग लावतात."

आत्याला ते पटलं. म्हणाली, "इतकी वर्षं झाकलं, आता जरा उघडू." साठीच्या पुढचं जे गिऱ्हाईक येईल त्याची उंची मास्तर घेणार, जुनी वही काढून वजाबाकी मी करणार. गणितात दोनदा नापास झालेल्या माणसाला वजाबाकी दिली. आता म्हातारे वाढायलासुद्धा लागतील.

२५ फेब्रुवारी

नऊ जणांची यादी झाली. त्यातले चार स्कॅनला पाठवले. रेफरी काका सगळ्यात पुढे, अडीच इंच. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "अडीच इंच? ऑफसाइड!" पण चेहरा उतरला होता. आज मी त्यांच्या मागे चाललो नाही. का कोण जाणे. कंटाळा आला असेल.

आत्या स्वतः एकसष्टची आहे. मी म्हटलं, "तुझी उंची?"

"मला काय झालंय? सगळा दिवस उभी असते."

मास्तर म्हणाले, "बाई, घेऊन टाकू."

"उद्या," आत्या म्हणाली. काल पण उद्या म्हणाली होती.

२८ फेब्रुवारी

मास्तर तापानं घरी. तीस वर्षांत तिसऱ्यांदा, असं आत्या कौतुकानं सांगत होती. नर्सबाईंना आज यादी द्यायची होती. मी आत्याला धरूनच भिंतीला उभी केली. टाचा भिंतीला, नजर समोर, डोक्यावर लाकडी पट्टी, भिंतीवर खडूची खूण. एकदम प्रोफेशनल.

"अरे हळू, मी काय कपाट आहे?"

"कपाट हललं नसतं. तू हलतेस."

मास्तरांची टेप टेबलावरच होती. तिच्या टोकानं माझं बोट ओरबाडलं, जरा रक्त आलं. असल्या वस्तू वापरतात आणि मला शिस्त शिकवतात.

भरली सत्तावन्न. जुनी वही काढली. अठरा वर्षांपूर्वी आत्यानं स्वतःसाठी शिवलेला एकच कोट, तिथे मास्तरांच्या अक्षरात अठ्ठावन्न. एक इंच कमी. दीड लागतो.

"पास!" मी ओरडलो. "घरात कुणीतरी पास झालं!"

आत्या खुर्चीत बसली आणि खूप हसली. मग डोळे पुसले. म्हणाली, "मेल्या, तुला सांगते, पंधरा दिवस मला झोप नव्हती. कमरेच्या वर एक जागा दुखते ना, वाटत होतं तेच. म्हणून टाळत होते." मग तिनं मला एक कात्री दिली. जुनी, तिची. "माप बरं घेतोस. सोमवारपासून मास्तरांजवळ उभा राहा."

बटणं सुटली! दीड महिन्यात!

५ मार्च

मास्तर परत आले. कातडं सैल झालंय त्यांचं. यादी बघितली. आत्याच्या नावासमोर एक इंच बघून म्हणाले, "एकच?"

"मी घेतलं माप," मी म्हटलं.

ते काही तरी बोलणार होते, तेवढ्यात युनिफॉर्मवाली शाळा आली. एकशे दहा शर्ट. मग दोघांनाही श्वास घ्यायला वेळ नव्हता.

१९ मार्च

आज लिहायला हात धजत नाही. पण लिहितो.

सकाळी कापडाचे गठ्ठे आले. कोटाचं जाड कापड, एकेक गठ्ठा म्हणजे झोपलेला माणूस. गाडीवाला दारातच टाकून गेला. मी म्हटलं, आलोच, आणि कोपऱ्यावर दोस्ताशी बोलत उभा राहिलो. दहा मिनिटं. पंधरा असतील.

आत्यानं वाकून गठ्ठा उचलला. मास्तर आतून म्हणाले, "बाई, राहू द्या." आत्या म्हणाली, "मी यादीत नाहीये हो."

मी दारात आलो तेव्हा ती अर्धी वाकलेली होती. आवाजबिवाज काही आला नाही. गठ्ठा खाली ठेवलासुद्धा तिनं, नीट. मग तशीच राहिली. मला वाटलं रेफरी काकांची नक्कल करतेय, मी करायचो तशी. मी हसलो.

मी हसलो, हे मला इथे लिहायलाच हवं.

मग ती म्हणाली, "काडी, मला सरळ होता येत नाहीये."

२१ मार्च

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर लावला. पाठीचा कणा म्हणजे एकावर एक ठेवलेले ठोकळे. तीन ठोकळे पुढून चपटे झालेत, पाचरीसारखे. स्कॅनही झाला. हाडांची घनता इतकी कमी की डॉक्टरांनी आकडा सांगितला नाही, नुसता कागद उलटा ठेवला.

"हा परवाचा," डॉक्टर म्हणाले. "हे दोन जुने. दीड-दोन महिन्यांपूर्वीचे. बाई, तुमची उंची कमी झाल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही?"

"एक इंच," आत्या पडूनच म्हणाली. "मोजली होती आम्ही. भाच्यानं मोजली."

कसं सांगू, अभिमानानं म्हणाली.

डॉक्टरांनी मान हलवली. "दोन इंच तरी हवे होते. मोजताना चुकलं असेल, होतं असं. दोन मणके दबलेत हे तेव्हा कळलं असतं तर वजन उचलू दिलं नसतं. हा तिसरा वाचला असता." मग थांबून म्हणाले, "कदाचित."

त्या 'कदाचित'ला मी सकाळपासून धरून बसलोय.

२३ मार्च

दुकानात मास्तर आणि मी दोघंच. ते कापत होते. न वळता विचारलं, "बाईंचं माप कुठल्या टेपनं घेतलंस?"

"तुमच्या."

कात्री थांबली. "किती भरलं?"

"सत्तावन्न. तुमची टेप नवीच आहे ना, मग?"

त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि माझ्यासमोर धरली. पितळेची पट्टी, वाकडा खिळा, आणि पहिला आकडा कुठेच नाही. माझ्या बोटावरचा ओरखड्याचा डाग अजून गेला नव्हता.

"पहिल्याच दिवशी बोटाला कळलं," ते म्हणाले. "शिंप्याला डोळे नसले तरी टेपचं टोक कळतं. तेव्हापासून प्रत्येक मापातून एक वजा करतोय."

मी विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर बाईंनी तुला तुझ्या बापाकडे पाठवला असता. तिथं तुला कोण विचारतं ते मला माहीत आहे. म्हटलं, पोरगं स्वतः येऊन सांगेल. विचारलं होतं तुला एकदा." टेप परत गळ्यात घातली. "आणि त्या दिवशी एक इंच वाचून मनात आलं होतं. शर्टांच्या नादात राहिलं. तिथे मी चुकलो. टेप आजच बदलतो."

मला ते ओरडायला हवे होते. ते ओरडले नाहीत, हा काय न्याय आहे? ते परत कापायला लागले. पाठ लांब, पुढचं आखूड. मास्तरांनी माझंही तसंच झाकलं होतं.

२४ मार्च

नाही सांगितलं.

२६ मार्च

आजपण नाही. पाठीला पट्टा बांधून तिला बसवत होते, ती कळवळत होती, तेव्हा कसं सांगणार? हे निमित्त आहे हे मला माहीत आहे. निमित्त चांगलं आहे, एवढंच.

२९ मार्च

सांगितलं.

दुपारी ती टेकून बसली होती. मी टेपचं सगळं सांगितलं. पट्टी, इंच, वाकडा खिळा. सांगताना मध्येच हसू आलं, सवयीचं, ते मी गिळलं. ती ऐकत होती. तोंडावर काही नाही.

"म्हणजे छप्पन्न," ती म्हणाली.

"हो."

खाली मास्तरांचं मशीन चालू होतं.

"आणि खुंटी?" ती म्हणाली.

मला वाटलं होतं हे ती विसरली असेल.

"खुंटीला मी हात लावला नव्हता. मी नुसता हसलो."

तिनं डोळे मिटले. "मला कळलं होतं रे," म्हणाली. "हात पुरला नाही तेव्हाच. मी त्या दिवशी दवाखान्यात जाणार होते. तू हसलास आणि मी सुटले."

"आत्या, मी—"

"गप."

मग म्हणाली, "तुझ्या बापाला फोन लाव."

लावला. स्पीकरवर. ती म्हणाली, पोराला घेऊन जा. बाबा म्हणाले, ताई, इथे कुठे, तुला माहीत आहे ना. मागून बाईचा आवाज आला, कोण आहे म्हणून. बाबा म्हणाले, नंतर करतो. नंतर केला नाही.

३० मार्च

सकाळी कपडे पिशवीत भरले. जाईन कुठेतरी, दोस्ताकडे. तिच्या खोलीच्या दारात उभा राहिलो.

ती पिशवीकडे बघत म्हणाली, "मी हाकललंच असतं तुला. तोंड बघायची इच्छा नाही माझी. पण मला कुशीवर वळवायला माणूस लागतो. मास्तरांना सत्तरी आली, त्यांच्याकडून कसं उचलून घेऊ? नर्सबाई आठवड्यातून दोनदा येतात. बाकीचे दिवस मी काय करू?"

मी पिशवी खाली ठेवली.

"माफ केलेलं नाही," ती म्हणाली. "नीट ऐक. सोय म्हणून ठेवतेय."

१७ एप्रिल

नर्सबाईंनी शिकवलंय. आधी गुडघे वाकवून घ्यायचे. मग खांदा आणि कंबर एकदम वळवायची, ओंडका वळवतात तशी, मध्ये पीळ पडता कामा नये. मग पाय खाली आणि त्याच वेळी अंग वर. पाठ वाकू द्यायची नाही. मी आता हे झोपेतही करीन. दिवसातून नऊ-दहा वेळा करतो. तीसुद्धा अंग सैल सोडते, विश्वासानं नाही, नाइलाजानं. फरक हाताला कळतो.

बोलत नाही. कामापुरते शब्द. "कूस." "पाय." "पाणी." पूर्वी मेल्या, माकडा, टोळभैरव, काय काय म्हणायची. आता शिवीसुद्धा देत नाही. एकदा मी मुद्दाम उशी उलटी ठेवली, निदान माकडा म्हणेल म्हणून. तिनं उशी स्वतः सरळ करायला हात मागे नेला आणि कळ आली. त्यानंतर मी कसलीच गंमत केली नाही.

२ मे

रेफरी काका भेटायला आले. त्यांचं इंजेक्शन आणि व्यायाम चालू आहे, पाठ आहे तेवढीच आहे पण पुढे वाकायची थांबलीय. जिन्याला धरून वर आले, दमले, खुर्चीत बसले. म्हणाले, "बाई, तुमच्या यादीनं वाचलो. नाहीतर मी नातवाला उचलून घ्यायचो रोज."

"बरं झालं," आत्या म्हणाली.

मी तिला औषध दिलं, तोंड पुसलं, पट्टा जरा सैल केला. काका बघत होते. त्यांचे डोळे भरून आले.

"नशीब काढलंत हो. आजकाल पोटची पोरं करत नाहीत एवढं. केवढी माया आहे याची तुमच्यावर."

मी भिंतीकडे बघत उभा राहिलो. आता सांगेल, म्हटलं. सांगायलाच हवं होतं तिनं. एका वाक्याचं काम.

आत्यानं काकांकडे बघून हसू आणलं. गिऱ्हाइकासमोर आणायची ते.

"हो ना," म्हणाली. "फार आहे."

काका जिना उतरून गेले. खालचं दार लागल्याचा आवाज येईपर्यंत ते हसू तिनं तसंच ठेवलं. मग चेहरा भिंतीकडे केला.

"कूस," म्हणाली.